अस्वलाच्या टोपाचे सात टाके

आजच्या या सत्कार आणि निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आमच्या रानवाट कलामंचाचे पहिल्यापासूनचे आधार, निवृत्त मुख्याध्यापक नारायणराव गुरुजी. वनविभागाच्या कामातून वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या मंजुश्री मॅडम. ज्यांच्यासाठी आपण सारे इथे जमलो ते सत्कारमूर्ती, आदरणीय दयारामभाऊ. त्यांच्या शेजारी, मी तीनदा विनंती केल्यावर खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेल्या पंचफुलाबाई. सूत्रसंचालन करणाऱ्या वंदनाताई. मोताळ्यातले आणि मलकापूर, नांदुऱ्याहून आलेले माझे रसिक बंधुभगिनी. आणि तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ बसलेले किसनराव. सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

माझ्या हातातला कागद हलतोय तो पंख्यामुळे, असं समजा. पंखा बंद आहे हे मलाही दिसतंय.

किसनरावांचं नाव मी वेगळं का घेतलं, असं काहींच्या मनात आलं असेल. सांगतो. वंदनाताईंनी आज सकाळी कार्यक्रमपत्रिका माझ्या हातात दिली. तिच्यात माझ्या नावाखाली एक ओळ आहे, 'किसनराव यांचे दोन शब्द'. मी विचारलं, हे काय बोलणार आहेत? ताई म्हणाल्या, 'त्यांना सगळ्यांसमोर दयारामभाऊंची माफी मागायची आहे. स्वतःहून येऊन सांगून गेले.' किसनराव ज्या गोष्टीची माफी मागणार आहेत, तिच्याबद्दल मला काही सांगायचं आहे, आणि ते त्यांच्या आधीच सांगायला हवं. नाही सांगितलं तर मला अन्न गोड लागणार नाही. सांगितलं तर या सभागृहातून मी कोणत्या तोंडानं बाहेर पडेन, ते मला माहीत नाही.

पण आधी सत्कारमूर्तींबद्दल बोललं पाहिजे. तो शिष्टाचार आहे. शिवाय खरं सांगायचं तर तेवढाच मला वेळ मिळतो.

माझी ओळख आपल्याला आहेच. पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलावर बसणारा मी साधा लिपिक. आणि जन्माचा भित्रा. लहानपणी पोळ्याला बैलाला पुरणपोळी खाऊ घालायची, तर मी ती काठीच्या टोकाला बांधून पुढे करायचो. बैल माझ्याकडे ज्या नजरेनं बघायचा, ती मी अजून विसरलो नाही. मग असा माणूस कलामंचाचा अस्वल कसा झाला? तर दयारामभाऊंच्या टोपामुळे. टोपाच्या आत गेलं की आपलं तोंड कुणाला दिसत नाही. भित्र्याला आणखी काय पाहिजे?

टोप म्हणजे नाटकात डोक्यावर चढवायचे केस. राजाराणीचे टोप करणारे पुष्कळ असतील. भाऊंनी तीस वर्षं जनावरांचे टोप केले. सिंहाची आयाळ, माकडाचे कल्ले, घोड्याची मान, आणि अस्वल. आता मोबाईलवर मागवली की नायलॉनची आयाळ चार दिवसांत घरी येते. मंचानं एकदा हौसेनं मागवली होती. भाऊंनी ती हातात घेतली, हुंगली आणि म्हणाले, 'याले तं कोनत्याच जनावराचा वास नाही.' आणि परत पिशवीत घातली.

त्यांची रीत अशी. धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, अंबाडी कापायची, नाल्याच्या डबक्यात भिजत घालायची, कुजली की सोलून धोपटायची. त्यातून निघतो तो वाख. वाख सोनेरी असतो, सिंहाला तो तसाच चालतो. अस्वलासाठी तो हिरडा आणि गंजलेलं लोखंड घातलेल्या पाण्यात उकळून काळा करायचा. मग त्यात धनगराकडून आणलेले काळ्या शेळीचे केस मिसळायचे, नाहीतर उन्हात अस्वल तेल लावून आल्यासारखं चमकतं. जुन्या धोतराचे पाच थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून, पालथ्या मडक्यावर वाळवून डोक्याची वाटी करायची. आणि त्या वाटीवर एकेक झुबका गाठ मारून बसवायचा. एका अस्वलाला अडीच हजार गाठी. मी मोजल्या नाहीत, पंचफुलाबाईंनी मोजल्यात, कारण झुबके करून हातात देण्याचं काम तीस वर्षं त्यांचं. खरं म्हणजे आज दोन शाली आणायला हव्या होत्या. आम्ही एकच आणली. ही मंचाची चूक झाली, गुरुजी, ती आजच दुरुस्त करू.

अस्वलाचं नाक भाऊंनी कडू भोपळ्याचं केलं होतं. वाळलेला पोकळ भोपळा, आतून खरवडून गुळगुळीत केलेला, बरोबर माझ्या तोंडासमोर बसवलेला. त्यात बोललं की आवाज घुमायचा. आत साधं 'आई गं' म्हटलं तरी बाहेर गुरगुरणं ऐकू यायचं आणि पोरं आईच्या पदराखाली शिरायची. मला त्या भोपळ्याचा मोठा अभिमान होता.

आता टाक्यांचं सांगतो. एका प्रयोगात नाचता नाचता टोप माझ्या डोक्यावरून निसटला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सरपंचांच्या मांडीवर जाऊन पडला. लोक पोट धरधरून हसले. मीच भाऊंना म्हणालो, काहीही करा, मान तुटली तरी टोप पडता कामा नये. ते म्हणाले, 'मंग शिवाच लागन.' तेव्हापासून ते टोप अस्वलाच्या केसाळ अंगरख्याला शिवायला लागले. हनुवटीखाली सात टाके, मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याचे. प्रयोग संपला की भाऊ आपल्या कात्रीनं ते उसवायचे. आतल्या माणसाला ते उसवता येत नाहीत, कारण हातात पंजे असतात. म्हणजे सातवा टाका पडला की माझा जीव भाऊंच्या कात्रीच्या भरवशावर. आणि हे मी स्वतः मागून घेतलं होतं, हे कृपया ध्यानात घ्या.

पहिला टाका घालण्याआधी भाऊ दर वेळी एक प्रश्न विचारायचे. 'कोन हायेस तू?' मग मी माझं पूर्ण नाव सांगायचं, बापाचं नाव, गाव. त्याशिवाय सुई लागायची नाही. ऑफिसात मला सगळे पाठकसाहेब म्हणतात, भाऊंनी मात्र पहिल्या दिवसापासून अरेतुरे केलं आणि ते मला बरं वाटायचं. एकदा मी वैतागून म्हणालो, 'भाऊ, एवढ्या वर्षांत माझं नाव पाठ झालं नाही का?' तर म्हणाले, 'मले हाय बे पाठ. तुले असा पाह्यजे. अंदर गेलं की मानूस इसरते.'

तुम्ही हसलात. मीही हसलो होतो. पण आत गेल्यावर काय होतं, ते ऐका. शेळीच्या केसांचा वास नाकात बसतो. आपलाच श्वास गरम होऊन आपल्याच तोंडावर येतो. रुपयाएवढ्या दोन भोकांतून जेवढं दिसेल तेवढंच जग. बाहेरचे आवाज लांबून येतात आणि आपलं काळीज मात्र कानाशी वाजत असतं. अकरा वर्षांत एकही प्रयोग असा नाही की सातव्या टाक्याला माझ्या छातीत धस्स झालं नाही.

अध्यक्ष महोदय, घड्याळाकडे तुमचं लक्ष गेलं, ते मी पाहिलं. आता मुद्द्यावर येतो. यायलाच पाहिजे.

दोन वर्षांपूर्वीची थंडी. अभयारण्याच्या कडेचं एक गाव. नाव घेत नाही, त्या गावची मंडळी इथे बसली आहेत. किसनराव त्याच गावचे. त्यांच्या धाकट्या भावाला आठच दिवसांपूर्वी पहाटे शेतात जाताना अस्वलानं फाडलं होतं. जीव वाचला, एक डोळा गेला. गावाची अशी पाचावर धारण बसली होती की दिवस मावळला की लोक परसाकडेही जात नव्हते. म्हणून गावानंच आमच्या मंचाला बोलावलं. अस्वल दिसलं तर काय करावं, काय करू नये, एवढंच आमच्या नाटकात असतं. पळू नका, दगड मारू नका, चार माणसांत राहा, मोठ्यानं बोलत राहा. अंधारात कुणी जमणार नाही म्हणून प्रयोग सकाळी साडेसातला ठेवला.

अर्धवट अस्वल कुणाच्या नजरेला पडू नये, हा भाऊंचा कायदा. म्हणून आम्ही सहालाच गावाबाहेर शेतातल्या एका खोपडीत, म्हणजे झोपडीत, जाऊन बसलो. खोपडीमागे माणसाच्या डोक्याएवढी तूर. आदल्या संध्याकाळी गावात दवंडी झाली होती की उद्या अस्वलाचं नाटक आहे. पण किसनराव आणि आणखी सात-आठ जण तुरीची राखण करायला शेतातच मुक्कामाला होते. त्यांच्या कानावर दवंडी गेलीच नव्हती. कुऱ्हाडी उशाला घेऊन झोपलेली माणसं ती. आणि सकाळी धुकं असं पडलं की चार हातांवरचं दिसेना.

भाऊंनी टोप माझ्या डोक्यावर चढवला आणि विचारलं, 'कोन हायेस तू?'

मी म्हणालो, 'उरका हो भाऊ, उशीर होतोय.'

उशीर काही होत नव्हता. मला त्या गावाचीच भीती वाटत होती. रस्त्यानं येताना लोकांचे चेहरे पाहिले होते. वाटत होतं, लवकर नाचावं आणि लवकर घर गाठावं. त्या दिवशी भाऊंनी नाव न ऐकताच सुई चालू केली. सहा टाके पडले आणि दोरा संपला. रीळ गाडीत राहिलं होतं आणि गाडी गावाच्या वेशीशी. 'हलू नोको,' म्हणाले, 'मी आलोच.'

मी हललो.

भीती आणि थंडी दोन्ही पोटाच्या खाली जाऊन बसतात, हे इथल्या पुरुष मंडळींना सांगायला नको. मी खोपडीमागे तुरीत शिरलो. हातात पंजे आहेत, हा प्रश्न मला तिथे पोचल्यावर सुचला. परत फिरलो तर तुरीच्या फांदीत टोपाचे केस अडकले. मी हिसका दिला. सातवा टाका नव्हता, एक बाजू सैल होती. टोप निघाला नाही, डोक्यावरच तिरपा झाला. डोळ्यांची भोकं कपाळावर गेली, भोपळा मात्र तोंडावरच राहिला. सगळा अंधार.

मी भाऊंना हाक मारली. भोपळ्यातून ती काय होऊन बाहेर पडली, ते मनकर्णाबाईंना विचारा. पलीकडच्या वस्तीवरून त्या राखणीच्या माणसांसाठी चहा-भाकरीचा डबा घेऊन येत होत्या. धुक्यात तुरीच्या वर एक काळं झिपरं डोकं, आणि त्यातून ती गुरगुर. बाईंच्या हातातला डबा पडल्याचं मी ऐकलं. आणि मग किंकाळी. 'अस्वल! अस्वल आलं वो!'

आता माझी अक्कल बघा. अकरा वर्षं मी अस्वल होतो. त्या क्षणीही अंगावर अस्वलच होतं. आणि ती किंकाळी ऐकून माझ्या मनात काय आलं? अस्वल आलं! माझ्या मागे आलं! किसनरावांच्या भावाला फाडलं तेच. मला दिसत नव्हतं, त्यामुळे ते सगळीकडे होतं. पाठीमागे तुरीत खसखस झाली. ती माझ्याच अंगरख्याची असणार, पण तेव्हा कुणाला सुचतं? मी धूम ठोकली. आणि कुठे? तर जिकडून माणसांचे आवाज येत होते तिकडे. माणसांत गेलं की जीव वाचतो, हेच आम्ही गावोगाव शिकवत होतो ना. पळू नका हेही शिकवत होतो, ते आठवलं नाही.

त्या माणसांच्या बाजूनं विचार करा. धुक्यातून एक अस्वल गुरगुरत सरळ अंगावर येतंय. त्यांनी काय करायला हवं होतं? मी त्यांना आजवर दोष दिला नाही आणि देणारही नाही.

पहिला दगड खांद्यावर बसला. मग कुत्री पोटरीला लागली. मग पाठीत काठी. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो, 'मारू नका, मी माणूस आहे!' जसजसा मी ओरडत होतो तसतसा भोपळा घुमत होता, आणि तो घुमला की दगड आणखी जोरात येत होते. माझा आवाजच माझा वैरी झाला होता. गप्प बसलो असतो तर कदाचित थांबले असते. भ्यालेल्या माणसाला गप्प बसवतं का कधी?

मग एक आवाज ऐकू आला. 'सरका बाजूले! मले मारू द्या! माया भावाले फाडलं त्यानं!'

ते किसनराव होते. मी गुडघ्यांवर बसलो. अध्यक्ष महोदय, हे मी आजवर माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही, पण त्या वेळी मला माझं नाव आठवेना. मी खरंच शोधत होतो. वाटत होतं, नाव घेतलं तर हे लोक थांबतील. पण ते सापडेना. आत नुसता एक जीव होता आणि तो भ्यालेला होता, त्याला ना नाव होतं ना गाव.

इतक्यात कुणीतरी मागून मला घट्ट कव घातली, आणि हनुवटीखाली थंड लोखंड लागलं.

ते दयारामभाऊ होते. किंकाळी ऐकून, रीळ टाकून, पासष्ट वर्षांचा माणूस वेशीपासून धावत आला होता. कुऱ्हाडीकडे पाठ करून त्यांनी मला अंगाखाली घेतलं होतं. 'मारू नोका! मानूस हाय तो, मानूस हाय!' असं ओरडत ते माझे टाके कापत होते. चार कापलेही होते. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं की आपल्याला धरलंय आणि आता आपला गळा चिरतायत.

मी तो हात दोन्ही पंज्यांत पकडला. होता नव्हता तेवढा जोर लावून पिरगाळला, आणि कात्री त्या हातावरच उलटी दाबली. ती आत शिरली. कशात शिरली, ते माझ्या हाताला कळलं. अजून कळतं. ऑफिसात कागदांना टोच्यानं भोक पाडताना कळतं.

ऐकलंत ना किसनराव? तुम्ही मान वर केलीत. थोडं थांबा, मला पूर्ण सांगू द्या, नाहीतर मी पुन्हा कच खाईन.

तुमची कुऱ्हाड त्याच वेळी आली होती. घाव तुम्ही घातला होता, हे खरं. पण 'मानूस हाय' हे शब्द तुमच्या कानावर पडले असणार, कारण ऐन वेळी तुम्ही हात वळवलात आणि कुऱ्हाड शेजारच्या ढेकळात रुतली. भाऊंनी डाव्या हातानं उरलेले दोन टाके तोडून टोप ओढला. माझं तोंड उघडं पडलं. सगळे दगडासारखे उभे. भाऊंच्या उजव्या हातातून रक्त गळत होतं. तुम्ही ते रक्त पाहिलंत, आपली कुऱ्हाड पाहिलीत आणि मटकन खाली बसलात. 'माया हातानं झालं, माया हातानं झालं,' एवढंच म्हणत राहिलात तुम्ही.

कुऱ्हाडीच्या पात्यावर रक्ताचा टिपूस नव्हता. माती होती. धुक्यात आणि त्या गडबडीत ते कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं. कात्री माझ्या मांडीखाली पडली होती. ती मी हळूच अंगरख्याच्या केसांत सरकवली.

पुढचं आपल्याला माहीत आहे. अंगठ्याची शीर तुटली. जखम भरली, पण अंगठा आणि शेजारचं बोट पुन्हा जुळलं नाही. गाठ मारायला तेवढंच तर लागतं. भाऊंनी दवाखान्यात सांगितलं, पडलो, विळा लागला. कुणावर बालंट येऊ दिलं नाही. सगळ्यांना वाटलं, भाऊ किसनरावांना पाठीशी घालतायत. ते मला पाठीशी घालत होते.

तिसऱ्या दिवशी पंचफुलाबाई पाणी आणायला बाहेर गेल्या, तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, 'भाऊ, ती कुऱ्हाड नव्हती.' ते म्हणाले, 'मले काय सांगतं? माया हात हाय, मले माहीत नाही का? भेलेलं जनावर पह्यले मालकालेच चावते. त्याचा राग धरत नसतात बे.' मग म्हणाले, 'पन किसनले सांग. मी सांगतलं त्याले, तुयी कुऱ्हाड लागलीच नाही म्हनून. त्याले वाटते, मी मोठं मन करून राह्यलो. तू सांगशीन तं पटन.'

मी म्हणालो, सांगतो.

त्याला दोन वर्षं झाली.

काऊन नाही सांगितलं? भेव वाटलं, दुसरं काय. आधी पोलिसांचं वाटलं, मग नोकरीचं, मग पंचफुलाबाईंचं. सहा महिने गेले तशी नवीनच भीती लागली, की लोक विचारतील, एवढे दिवस काय तोंड शिवलं होतं का? मागच्या वर्षी याच मंचानं सत्कार करून मला नारळ दिला. 'प्राणावर बेतलं तरी कलेची सेवा सोडली नाही' म्हणून. मी तो घेतला. घरी नेऊन फोडला आणि खोबऱ्याची चटणी करून खाल्ली. सांगतानाही लाज वाटते.

आणि किसनराव काय करत होते? त्यांनी कुऱ्हाड पुन्हा हातात धरली नाही. घरच्या चुलीचं सरपणसुद्धा दुसऱ्याकडून फोडून घेतात. दोन्ही वर्षं त्यांनी आपल्या धुऱ्यावर अंबाडी लावली, कापली, कुजवली, स्वतः धोपटली आणि वाखाच्या पेंड्या खांद्यावर घेऊन दयारामभाऊंच्या दारात ठेवून गेले. टोप करणारा हात राहिला नाही, तरी वाख येतच राहिला. भाऊंच्या घरात तो छताला लागलाय, मी डोळ्यांनी पाहिलाय. गेल्या पावसाळ्यात मोताळ्याच्या बाजारात किसनराव मला भेटले. मलाच म्हणाले, 'साहेब, ज्या हातानं हे केलं त्या हातानं भाकर खातो, तं घास उतरत नाही.' मी त्यांच्यासमोर उभा होतो. माझ्या हातात मेथीची जुडी होती. मी म्हणालो, 'होतं असं कधी कधी.' आणि मेथी घेऊन घरी आलो.

वंदनाताई, माझी पिशवी जरा इकडे देता? धन्यवाद. ही ती कात्री. घाबरू नका कुणी, गंजलेली आहे. मी ती फेकून देऊ शकलो नाही आणि कुणाला दाखवूही शकलो नाही. दोन वर्षं ती आमच्या कपाटात अस्वलाच्या अंगरख्यात गुंडाळलेली होती. मी ती इथे टेबलावर, शाल आणि श्रीफळाच्या शेजारी ठेवतो. पात्याच्या मुळाशी डाग आहे. दयारामभाऊ, पंचफुलाबाई तुमची कात्री ओळखतील. मुठीला त्यांच्याच जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली आहे.

पंचफुलाबाई, तुम्ही डोळ्यांना पदर लावलात. दोन वर्षं मी तुमच्या घरी येऊन तुमच्या हातचा चहा पीत होतो. तुम्ही विचारायच्या, 'उद्धवभाऊ, आजकाल घाबरल्यावानी काऊन दिसता?' मी म्हणायचो, ऑफिसचं काम वाढलंय. तुमच्याकडे बघून बोलायची हिंमत मला आत्ताही होत नाही, म्हणून मी कात्रीकडे बघून बोलतोय.

मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. लोक म्हणतात तसं. मला तसं काही वाटत नाही.

दयारामभाऊ, तुम्ही आज संध्याकाळी मुलीकडे, रेणुकाताईंकडे नांदुऱ्याला राहायला जाताय. पुन्हा तुमच्या हाताखाली बसायचा योग माझ्या नशिबात नाही. त्या सकाळी तुम्ही मला काही विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नव्हतं. जाण्याआधी एकदा विचाराल का?

विचारलंत. माईकवर आलं नाही, पण मला ऐकू आलं.

उद्धव वामन पाठक. बाप वामन रामचंद्र पाठक. गाव मोताळा. दयाराम इंगळे यांचा उजवा हात मी निकामी केला. किसनरावांनी केला नाही.

गुरुजी, दहा मिनिटांच्या जागी मी कितीतरी जास्त वेळ घेतला, तो तुम्ही घेऊ दिलात, त्याबद्दल आभार. मंजुश्री मॅडम आणि व्यासपीठावरच्या सर्वांचे आभार. आपण सर्वांनी खुर्ची न सोडता ऐकून घेतलंत, त्याबद्दल तुमचे आभार. बोलताना काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर भित्र्या माणसाचं बोलणं म्हणून पोटात घाला. पण जे मी दोन वर्षं बोललो नाही, तेही पोटात घाला, असं म्हणायला मला तोंड नाही.

पत्रिकेप्रमाणे पुढचे दोन शब्द किसनरावांचे आहेत. किसनराव, तुमच्याकडे माफी मागण्यासारखं काही कधी नव्हतंच. तरी या. माईक तुमचा आहे. जे म्हणायचं ते म्हणा, मी खाली बसत नाही, इथेच उभा राहतो.